कुऱ्हाडे आणि कुर्हाडे

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी माझ्या नावावर एक तिकीट, म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरमधल्या दोषाची तक्रार, येऊन पडले होते. मजकूर इंग्रजीत होता आणि त्याचा अर्थ एवढाच होता की काही सभासदांची आडनावे पासबुकावर चुकीची छापली जात आहेत. प्राधान्याच्या रकान्यात ‘कमी’ अशी नोंद होती. सोबत फोटो नव्हता. उदाहरणादाखल एकच आडनाव रोमन लिपीत दिले होते, ते म्हणजे कुऱ्हाडे. मी चाचणीच्या डेटाबेसमध्ये या आडनावाची एक सभासद तयार केली आणि पासबुकाचे पान पडद्यावर काढून पाहिले. नाव स्वच्छ आणि बरोबर दिसले, तेव्हा ‘रिप्रोड्यूस होत नाही’ असा शेरा मारून मी ते तिकीट बंद करून टाकले. या सगळ्याला नऊ मिनिटे लागली. साडेदहाच्या स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीत, सांगायला एक बंद केलेले तिकीट हाताशी आले, याचे मला तेव्हा समाधानच वाटले होते. (आडनाव मी बदलले आहे. त्यातला र मात्र तोच ठेवला आहे, कारण हे सगळे रामायण त्या र मुळेच घडले.)

मी हिंजवडीत एका लहान कंपनीत काम करते. सहकारी पतसंस्थांसाठी लागणारी प्रणाली आम्ही लिहितो: सभासदांची नोंदणी, ठेवी, कर्जे, पासबुकाची छपाई, मोबाइलवर जाणारे संदेश. बाहेरगावच्या लोकांना हिंजवडी म्हटले की काचेच्या इमारती आणि परदेशी ग्राहक आठवतात. आमचे ग्राहक मात्र तालुक्याच्या गावी, बाजारपेठेतल्या पहिल्या मजल्यावर, लोखंडी कपाटांच्या रांगेमागे बसलेले असतात. आठवड्यातले तीन दिवस कार्यालयात यावे लागते. वाकडहून भूमकर चौक ओलांडून मेट्रोच्या खांबांच्या सावलीतून फेज तीनपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ हा अंतरावर अवलंबून नसतो, तो नशिबावर असतो, त्यामुळे त्याविषयी न बोललेले बरे. आमच्या गटात सहा जण आहेत आणि सहाही जण मराठी आहेत. चहाच्या टपरीवर आम्ही मराठीत बोलतो, भांडतो मराठीत, आणि जागेवर येऊन बसलो की तिकीट, कमिटचा (कोडमधला बदल नोंदवतानाचा) संदेश, रिव्ह्यूतली (एकमेकांचे कोड तपासतानाची) टिप्पणी असे सगळे इंग्रजीत लिहितो. यात कोणी कोणावर सक्ती केलेली नाही. मराठीत तिकीट लिहावे असे कोणाच्या मनातच येत नाही, आणि माझ्याही आले नव्हते.

मला लिपीचे वेड लागले ते एका अगदी किरकोळ कामातून. पतसंस्थेचे संदेश मराठीत पाठवायचे ठरले तेव्हा खर्चाचा प्रश्न निघाला. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरे सात बिटांत बसवली जातात, म्हणून त्यांना १६० ची मर्यादा मिळते. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे सोळा बिट लागतात, म्हणून आपल्या वाट्याला ७० येतात, आणि संदेश त्याहून लांबला तर जोडणीची माहिती वजा जाऊन प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात. ‘आपल्या बचत खात्यात’ एवढे म्हणेपर्यंतच सत्तरातली अठरा चिन्हे संपलेली असतात. तेव्हा आमच्या टीम लीडने तोडगा सुचवला की सभासदाचे नाव पहिल्या वीस अक्षरांवर तोडावे. मी सहज विचारले, “वीस म्हणजे कशाची वीस?”

माझे नाव प्रतीक्षा. शाळेत हजेरी घेताना बाई ते तीन अक्षरांत हाक मारून मोकळ्या होत: प्र, ती, क्षा. डेटाबेसला लांबी विचारली तर एका फंक्शनने २७ असे उत्तर दिले, कारण यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. दुसऱ्या फंक्शनने ९ सांगितले; त्याने प, हलन्त, र, त, वेलांटी, क, हलन्त, ष, काना अशी एकेक वस्तू सुटी मोजली होती. आम्ही वापरत असलेल्या तयार कोडच्या लायब्ररीला ‘वाचणाऱ्याला दिसते ते अक्षर’ मोजायला सांगितले तर ५ आले, कारण तिच्या लेखी प चा पाय मोडला की एक अक्षर संपले आणि र पासून पुढचे सुरू झाले. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, १५.१ आवृत्तीत, म्हणजे सप्टेंबर २०२३ मध्ये आला, आणि आमची लायब्ररी त्यापूर्वीची होती. सत्तावीस, नऊ, पाच आणि तीन. एकाच नावाची चार मापे मी फळ्यावर लिहिली तेव्हा स्टँडअपमध्ये हशा पिकला आणि पुढचा आठवडाभर मला ‘सत्तावीस’ म्हणून हाक मारण्यात आली. नाव सातव्या चिन्हावर तोडले तर ‘प्रतीक्’ उरते, जणू कोणी मला हाक मारता मारता दार लावून घेतले. त्या दिवसापासून संध्याकाळी घरी आल्यावर मी युनिकोडच्या मानकातले देवनागरीचे प्रकरण वाचू लागले. माझ्या वयाच्या मैत्रिणी वेगळ्या गोष्टींत रमतात, हे मला ठाऊक आहे.

खरे तर हे वेड माझ्या घरातच होते, फक्त मी त्याकडे कधी नीट पाहिले नव्हते. बाबांचा साताऱ्यात डीटीपीचा आणि लग्नपत्रिका छापण्याचा व्यवसाय आहे. त्यांच्या संगणकावर श्री-लिपी आणि शिवाजी असे जुने फाँट असत. त्या व्यवस्थेत मराठी अशी काही नसेच. असत ते आकारांचे तुकडे. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर काना, दंड, अर्धा ग, रफार असे खिळे बसवलेले असत आणि बाबा ते तुकडे जुळवून शब्द उभा करीत. ‘चि. सौ. कां.’ लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि च नंतर दाबायचा, कारण कागदावर ती आधी दिसते. तोच मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की त्याचे अगम्य इंग्रजी कडबोळे होऊन बसे. इंजिनिअरिंगला असताना मी बाबांना ऐकवत असे की ही पद्धत मुळातच चुकीची आहे. संगणकाने आकार साठवू नयेत, वर्ण साठवावेत, आणि आकार कसा दिसायचा ते फाँटवर सोपवावे. बाबा मान डोलवत आणि पत्रिका पूर्ण करीत.

मार्चअखेरीच्या कामासाठी मला कऱ्हाड तालुक्यातल्या एका पतसंस्थेत पाठवण्यात आले. तिथे आमची प्रणाली सुरू होऊन चार महिने झाले होते. पुण्याहून पहाटे निघून, खंबाटकीचा घाट आणि सातारा मागे टाकून मी साडेदहाला तिथे पोहोचले. व्याजाच्या आकारणीत काही रुपयांचा फरक येत होता, तो शोधायचा होता. दुपारी दोनच्या सुमारास मी खिडकीमागे लिपिकाच्या शेजारी लॅपटॉप उघडून बसले होते, तेव्हा एक साठीच्या पुढच्या मावशी आल्या आणि त्यांनी खिडकीतून दोन पासबुके आत सरकवली. एक जुने होते, कडा मऊ पडलेले, आमची प्रणाली येण्यापूर्वीचे. दुसरे आम्ही छापलेले, कोरे करकरीत.

“आमचा र मधी असतोय,” नव्या पासबुकावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. “ह्यो डोक्यावर कशापायी बसलाय?”

मी पाहिले. जुन्या पासबुकावर ‘कुऱ्हाडे’ होते. नव्यावर ‘कुर्हाडे’ होते.

लिपिकाने हसून माझ्याकडे बोट दाखवले, “मॅडम पुण्याहून आल्यात, त्यांनाच सांगा.” मी काहीतरी बोलायचे म्हणून बोलले, “मावशी, नाव तेच आहे, फक्त दिसायला थोडं वेगळं दिसतंय.”

“दिसायलाच तर छापत्यात न्हवं?” मावशी म्हणाल्या.

त्यांचा मुद्दा केवळ मनाला लागलेल्या नावाचा नव्हता. एका सरकारी योजनेच्या अर्जासोबत त्यांनी या पासबुकाची प्रत जोडली होती आणि तो अर्ज ‘नावात तफावत’ असा शेरा घेऊन परत आला होता. सातबाऱ्यावर एक नाव आणि पासबुकावर दुसरे. तालुक्याला दोन हेलपाटे झाले होते, आणि एकेका हेलपाट्याला एस.टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी असा खर्च होता. फेब्रुवारीत नऊ मिनिटांत बंद केलेले तिकीट मला त्या वेळी आठवले. मी मावशींना ‘आठ दिवसांत दुरुस्त करून देते’ असे सांगितले आणि नव्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो काढून घेतला.

परतीच्या प्रवासात, साताऱ्याच्या अलीकडेच, मला दोष कुठे असावा याचा अंदाज आला, पण खात्री करायला रात्र झाली. मराठीतला हा र, दऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड या शब्दांतला, संगणकात दोन मार्गांनी लिहिता येतो. एक मार्ग असा की ऱ हा वेगळा वर्ण घ्यायचा, ज्याचा युनिकोडमधला क्रमांक ०९३१ आहे, आणि त्याला हलन्त लावायचा. दुसरा मार्ग असा की नेहमीचा र घ्यायचा, त्याला हलन्त लावायचा आणि त्यानंतर एक अदृश्य चिन्ह टाकायचे. त्या चिन्हाचे नाव झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे शून्य रुंदीचा सांधा. तो छापला जात नाही, जागा व्यापत नाही. फाँटला एवढेच सांगतो की इथे रफार करू नकोस, र ला मध्येच राहू दे. तो काढून घेतला की र लगेच पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढून बसतो. दोन्ही मार्गांनी लिहिलेले शब्द डोळ्यांना अगदी सारखे दिसतात. यंत्राला मात्र ते दोन निरनिराळे शब्द वाटतात, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनी चाळून काढले तरी ते एकमेकांशी जुळत नाहीत.

हे दोन मार्ग कसे झाले, त्याची कथा मला बगपेक्षाही रंजक वाटते. भारतीय मानक ब्यूरोचे इस्की हे मानक १९९१ चे आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांना एकाच चौकटीत बसवण्याचा तो प्रयत्न होता, आणि युनिकोडमधला देवनागरीचा १२८ जागांचा तक्ता त्याच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेला आहे. या तक्त्यात ऱ ला जागा मिळाली खरी, पण तिच्यासमोरची टीप वाचली तर कळते की ही जागा द्राविडी भाषांतला एक र देवनागरीत लिहून दाखवण्यासाठी आहे; त्याचे अर्धे रूप मराठीला लागते, ही गोष्ट जोडीने येते. म्हणजे आपण पाहुण्याच्या खोलीत राहतो. त्यातच १९९६ साली आलेल्या युनिकोडच्या २.० आवृत्तीत हा र सांध्याच्या साहाय्याने लिहिण्याची रीत होती. पुढे ऱ ची रीत पक्की झाली तरी जुना मजकूर मोडू नये म्हणून आधीची रीतही राहू दिली गेली. जुने मोडू न देण्याचा हा निर्णय मला मनापासून पटतो. पण त्याची किंमत अशी की गेली कित्येक वर्षे मराठी मजकूर दोन समांतर प्रवाहांत वाहतो आहे आणि लिहिणाऱ्याला आपण कोणत्या प्रवाहात आहोत याचा पत्ताही नसतो. ते त्याच्या हातातला कीबोर्ड ठरवतो.

माझ्या हातात इनस्क्रिप्ट आहे. त्यात शिफ्ट-जे दाबले की ऱ उमटतो, डी म्हणजे हलन्त, यू म्हणजे ह आणि स्लॅश म्हणजे य. म्हणून मी चाचणीसाठी टाइप केलेली कुऱ्हाडे पहिल्या मार्गाची होती. पतसंस्थेतल्या लिपिकाकडे उच्चारानुसार टाइप करण्याचे एक जुने साधन आहे, ते दुसऱ्या मार्गाने जाते. जुन्या फाँटमधला सगळा डेटा युनिकोडमध्ये आणणारा जो परिवर्तक आम्ही वापरला होता, तोही दुसऱ्याच मार्गाचा. एवढ्याने काही बिघडले नसते. बिघडले ते यामुळे की नाव साठवण्यापूर्वी ते ‘स्वच्छ’ करणारी एक ओळ आमच्या कोडमध्ये होती. एक्सेलमधून चिकटवलेल्या नावांत कधी कधी अदृश्य चिन्हे येतात आणि मग शोध घेताना सभासद सापडत नाही. त्यावर उपाय म्हणून ती ओळ शून्य रुंदीची चार चिन्हे सरसकट झाडून टाकत होती. त्या चारांतले एक चिन्ह म्हणजे हा सांधा. ही ओळ जगभर जशीच्या तशी उतरवून घेतली जाते, कारण इंग्रजी मजकुरात ती चारही चिन्हे खरोखरच केरकचरा असतात.

ती ओळ कोणी लिहिली हे पाहायला मी गिटला, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीला, विचारले. २००५ साली लायनस टॉरवाल्ड्सने गिट लिहिले. त्यातल्या एका आज्ञेचे नावच ‘ब्लेम’ आहे, आणि ती प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीख ठेवते. रात्री पावणेबाराला त्या ओळीपुढे माझेच नाव उमटले. कमिटचा संदेशही माझाच होता आणि त्याचा मराठी अर्थ ‘अदृश्य कचरा काढला’ असा होतो. तो रिव्ह्यूमध्ये दोघांनी पाहून मंजूर केला होता, आणि एकाने शाबासकीचा अंगठाही टाकला होता.

याहून बोचरी गोष्ट दुसरीच होती. मावशींचे जुने पासबुक ज्या प्रणालीतून छापले गेले, ती बाबांच्या व्यवस्थेची होती, आकाराचे तुकडे जुळवणारी, मी जिला मुळातच चुकीची म्हणत आले ती. त्या व्यवस्थेत हा र म्हणजे सरळ एक खिळा असे, आपल्या जागेवर बसवलेला. त्याचे वर्गीकरण काय, क्रमांक काय, सांधा कुठला, याची फिकीर कोणाला नव्हती. नाव शोधता येत नव्हते, क्रमवारी लागत नव्हती, मजकूर दुसरीकडे नेता येत नव्हता, पण कुऱ्हाडे हे कुऱ्हाडेच छापले जात होते. मी बरोबर पद्धत आणली आणि नाव चुकवले. हे बाबांना सांगताना मला जरा जड गेले. ते एवढेच म्हणाले की त्या र चा खिळा शिवाजीत कुठे आहे हे त्यांची बोटे अजून झोपेतही सांगतील.

दुरुस्ती छोटी होती. झाडण्याच्या यादीतून हा सांधा आणि त्याच्या उलट काम करणारे, अक्षरे जोडू न देणारे चिन्ह, अशी दोन्ही वगळायची आणि नाव साठवताना दुसऱ्या मार्गाचा र पहिल्या मार्गावर आणायचा, म्हणजे शोधतानाही दोन्ही जुळतील. हात घातलाच आहे तर मी ‘ॲ’चाही प्रश्न मिटवून टाकला. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. तोवर लोक अ वर चंद्र ठेवून किंवा हिंदीतला ऍ घेऊन वेळ भागवीत. त्यामुळे जामीनदारांच्या यादीतले ‘ॲड.’ तीन प्रकारे लिहिलेले होते आणि एका प्रकाराने शोधले तर बाकीचे वकील गायब होत. हे सगळे मिळून जेमतेम चाळीस ओळींचे काम झाले.

रिव्ह्यूमध्ये टीम लीडने लिहिले की ही एज केस आहे, म्हणजे कडेला क्वचित कधी उद्भवणारी अडचण आहे, पुढच्या महिन्याच्या रिलीजमध्ये (नव्या आवृत्तीत) घेऊ. तो माणूस चांगला आहे. आजारपणात त्याने माझी दोन रिलीज एकट्याने काढली आहेत. पण ‘एज केस’ हा शब्द मला त्या दिवशी सोसवला नाही. कडेला कोण आहे? संस्थेच्या जुन्या दप्तरात तालुक्याचे नावच ‘कऱ्हाड’ असे लिहिलेले आहे. सातारा हे नाव दिसायला निरुपद्रवी आहे, पण माणूस साताऱ्यात शिरला, साताऱ्याहून निघाला, साताऱ्याला पोहोचला की तो र आलाच. दुसरा म्हटले की दुसऱ्याचा होतो, शेतकरी म्हटला की शेतकऱ्यांचा, कर्मचारी म्हटला की कर्मचाऱ्यांचा. मराठीचे सामान्यरूपच हा र घडवते. त्याच्याशिवाय पतसंस्थेचा वार्षिक अहवाल एक पानभरही लिहिता येणार नाही. आचार्यांना दक्षिणा द्यायची की आचाऱ्यांना मजुरी, हे त्याच्यावर ठरते. मी हे सगळे उत्तरात लिहायला घेतले आणि लक्षात आले की इंग्रजीत हे नीट सांगताच येत नाही. आचार्य आणि आचारी यांतला फरक रोमन लिपीत लिहिला की दोघे एकाच पंगतीत बसतात. म्हणून मी रिव्ह्यूच्या चौकटीत पहिल्यांदाच मराठीत लिहिले, आणि खाली मावशींच्या पासबुकाचा फोटो जोडला. तासाभराने लीड माझ्या जागेपाशी आला. “अगं, माझ्या आजोळचं आडनाव बऱ्हाटे,” तो म्हणाला, “आणि मी फेब्रुवारीत ते तिकीट तुला ‘कमी’ म्हणून दिलं.” दुरुस्ती गुरुवारच्या रिलीजमध्ये गेली.

मला वाटत होते की इथे विषय संपला. पण कोड दुरुस्त झाल्याने आधी बिघडलेला डेटा दुरुस्त होत नाही. जुन्या प्रणालीतून आलेल्या नावांचा मूळ साठा जपून ठेवलेला होता. त्यावरून ती नावे एका रात्रीत पुन्हा घडवता आली. प्रश्न उरला तो गेल्या चार महिन्यांत खिडकीवर भरलेल्या नोंदींचा. त्यांतला सांधा साठवण्यापूर्वीच झाडला गेला होता, म्हणजे तो कुठेच शिल्लक नव्हता. लिहिणाऱ्याने काय लिहिले होते याचा पुरावाच मी पुसून टाकला होता.

पहिला विचार मनात आला तो साधाच होता: जिथे जिथे र्ह आणि र्य दिसेल तिथे ऱ्ह आणि ऱ्य करून टाकावे. एडिटरमधल्या एआय मदतनिसानेही मी विचारण्याआधीच तीच ओळ सुचवली, आणि खरे सांगायचे तर माझे बोट ती स्वीकारायच्या बेतात होते. नशीब असे की मी आधी यादी काढून पाहिली. तिसऱ्याच ओळीवर दर्याबाई होत्या. त्या ओळीने दर्याबाईंच्या दऱ्या करून टाकल्या असत्या, म्हणजे समुद्राच्या जागी दऱ्याखोरी. त्याखाली सूर्यवंशी होते, दोन ऐश्वर्या, एक शौर्य, आणि शैक्षणिक अर्हतेचा पूर्ण रकाना. यातल्या प्रत्येकाचा रफार त्याच्या डोक्यावरच शोभतो. म्हणून यादी छापली. सात पाने झाली. एकेक ओळ डोळ्यांनी तपासून हाताने ठरवायची, याला दुसरा मार्ग नव्हता.

शनिवारी दुपारी वाकडच्या खोलीत ती पाने पसरून मी बाबांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मी नाव वाचायचे आणि बाबांनी सांगायचे, असा क्रम सुरू झाला. लग्नपत्रिकांच्या धंद्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला सातारा जिल्ह्यातली आडनावे पाठ असतात. कोणते घराणे काय लिहिते, कोण पत्रिकेवरच्या एका चुकीसाठी शंभर प्रती परत पाठवते, हे सगळे ते मध्येमध्ये ऐकवत होते. गोर्हे? “गोऱ्हे. मध्ये.” बर्हाटे? “मध्ये.” आर्या? “नावातली का? मग डोक्यावर.” दोघांनाही त्या ‘मध्ये’ आणि ‘डोक्यावर’ची अशी लय सापडली की आईने पलीकडून विचारले, हे काय पत्ते खेळताय का? सहा पाने दीड तासात उरकली. गंमत म्हणजे बाबांनी पूर्ण वेळ एकदाही ‘युनिकोड’ हा शब्द उच्चारला नाही आणि मलाही त्याची गरज पडली नाही.

सातव्या पानावर पत्ते होते आणि तिथे बाबाही अडखळले. एका सभासदाचा पत्ता ‘भार्याचा मळा’ असा होता. भार्या म्हणजे बायको, तर तिचा मळा असेल का? की एखाद्या भाऱ्या नावाच्या माणसाचा? बाबा म्हणाले, “अंदाजाने बसवू नकोस. विचार.” शनिवारी पतसंस्था अर्धा दिवस असते, पण लिपिकाने फोन उचलला. तो दप्तर आवरत होता. मी पत्ता वाचून दाखवला आणि त्यातला र कुठला ते विचारले. माझा प्रश्न त्याला कळायला क्षणभर लागला.

“मॅडम, भाऱ्याचा,” तो म्हणाला. “पूर्वी तिथं कडब्याचे भारे रचायचे. मधला र.”

मी रकान्यात कर्सर नेला आणि शिफ्ट-जे, डी, स्लॅश दाबले.